नऊ खांद्यांची आवणी

नवव्या दिवसाची प्रार्थना पार पडली आणि दहाव्या दिवशी फटफटायच्या आत सेतो नांगर खांद्यावर घेऊन नोंग कार्प्योच्या दारात उभा राहिला. मागे काप्तान. काप्तान म्हणजे त्याचा रेडा. अख्ख्या इगलुमोय गावात कुणाचंही न ऐकणारा तो एकटाच, म्हणून सेतोच्या बायकोनं, लुमिननं, त्याला हे नाव ठेवलं होतं. ती गेल्यापासून त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

कार्प्यो साठीचा माणूस; धाकटे त्याला 'नोंग', म्हणजे दादा, म्हणत आणि तो त्यांना 'नोनोय', म्हणजे पोरा. डोळे चोळत बांबूच्या शिडीवरून खाली उतरला.

"काय रं नोनोय, एवढ्या पहाटे?"

"तुमचं खालचं खाचर चिखलायचं राहिलंय नोंग. पाणी उभं हाय तवर उरकू."

"माझं मी करीन की. तुझा तरवा—"

"आमची रोपं लहान हायत अजून. कालच बघितली."

कार्प्योनं रेड्याकडे पाहिलं, नांगराकडे पाहिलं. या डोंगरात माणूस वाढलेल्या जेवणाला नाही म्हणू शकतो, पाद्र्यालाही नाही म्हणू शकतो. पण उपकाराची फेड करायला दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. परत पाठवणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की जा बाबा, तुझ्यानं हे फिटायचं नाही.  कार्प्योनं चुलीवर भाजलेल्या तांदळाची कॉफी चढवली आणि दोघांनी ती उभ्याउभ्याच प्याली.

लुमिन दोन दिवस अडली होती. तिसऱ्या पहाटे सुईणीनं हात टेकले. आवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. खाचरात पाणी उभं आहे तोवर जो लावेल त्याचंच पीक, बाकीच्यांनी आभाळाकडे बघत बसायचं. तरी नऊ माणसांनी नांगर जागच्या जागी सोडले. बांबूला घोंगडीची झोळी बांधली, तीत लुमिनला घातली आणि पावसात डोंगर उतरायला लागले. चार जोड्या आलटून पालटून खांदा द्यायला, आणि पुढे कोयत्यानं वाट काढायला कार्प्यो. खाली गाडीरस्त्यापर्यंत नऊ तास, त्यात नदी सात वेळा ओलांडावी लागते. नवऱ्याला खांदा देऊ देत नाहीत. त्याचे पाय थरथरतात, झोळी हलते. सेतो मागून नुसता चालत होता, नदी आली की तेवढा पुढे जाऊन दोर बांधत होता. नदीच्या पाचव्या उतारानंतर लुमिन गेली, पोटातलं पोटातच राहिलं. मग त्या नऊ जणांनी झोळी फिरवली आणि पुन्हा तोच डोंगर चढले. दुसऱ्या दिवशी खड्डा खणला. तिसऱ्या दिवशी पुरलं. तेवढ्यात कार्प्योचा बांध फुटला होता, बेलोचं वरचं खाचर गाळानं भरलं होतं आणि दुलोचा घोटा मोडला होता.

आणि सेतोच्या खांद्यावर साधा वळसुद्धा नव्हता. ते त्याला रात्रंदिवस टोचत होतं.

कार्प्योकडे त्यानं चार दिवस काढले. फुटलेला बांध दगड रचून उभा केला, चिखलणी केली, फळी फिरवली, कार्प्योच्या सुनांबरोबर वाकून आवणीही केली. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. पहाटे जायचा, अंधार पडता परत यायचा. पायांची बोटं पाण्यानं पांढरी पडून सोलवटली होती. कंबर रात्री सरळ होत नसे आणि सकाळी वाकत नसे.

सहावं घर बेलोचं. बेलो त्याच्या बरोबरीचा आणि त्याच्या पोरीचा, देल्फिनाचा, धर्मबाप. एकमेकांना ते 'पारे' म्हणत. बेलोचं तोंड कधी बंद नसे.

"पारे, तू काय गावाचा रेडा झालास काय? अरं, काप्तानसुदिक दुपारी पाण्यात लोळतो. तू कवा लोळणार?"

"मेल्यावर."

"तवा पण लोळायचा नाहीस तू. खड्डा खणणाऱ्याच्या हातातलं फावडं ओढून घेशील, म्हणशील, सरक, मी खणतो."

सेतो हसला. लुमिन गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि हसलो म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेलो म्हणाला, "झालं बाबा आपलं समदं. उद्यापासून येऊ नगंस. आता तुझ्या घरचं बघ."

सेतोनं मान हलवली. पण जाताना त्याला बेलोच्या घरामागचं वरचं खाचर दिसलं. गाळ तसाच होता. बेलो खोटं बोलला होता. चांगल्या मनानं बोलला होता, हे सेतोला कळत होतं. पण चांगल्या मनानंच त्याला गिऱ्हाईक नसलेल्या दुकानासारखं बंद करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बेलो उठून बाहेर आला तेव्हा सेतो त्या गाळात गुडघाभर उभा राहून टोपलीनं माती उपसत होता.

"तुझ्या डोक्यावर काय पडलंय का रं?" बेलो ओरडला. मग तो बांधावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

---

घरी सेतोची सासू तिबांग होती; सगळे तिला नानाय, म्हणजे आई, म्हणत. लेक गेली तरी ती जावयाच्याच घरात राहिली, कारण दुसरं घर तिला नव्हतं. रोज सकाळी ती भाताच्या रोपांच्या तरव्यापाशी जाऊन बसायची, चार काड्या बोटांत धरून बघायची आणि परत येऊन रोपं किती दिवसांची झाली ते सांगायची.

"आज एकतिसावा."

सेतो भाताऐवजी आलेली रताळी मान खाली घालून खात होता. 

"पानांची टोकं पिवळी पडाया लागली. शेत नांगरायचं हाय अजून. बोलव की त्या नऊ जणांना. इर्जिक घाल. समदे मिळून आले तर एका दिवसाचं काम हाय."

"कुठल्या तोंडानं बोलवू?"

"हाय ह्याच तोंडानं."

"नानाय, त्यांनी माझी बायको वाहिली. आता माझा तरवा पण त्यांनीच वाहायचा? आधीचं न फेडताच? लोक म्हणतील, गरज सरो नि वैद्य मरो."

"गरज सरली कुठं मेल्या?" म्हातारी कडाडली. "पोर हाय ना घरात? ती काय हवा खाऊन जगणार हाय?"

"दोन घरं राहिलीत. दुलोचं आन् त्याच्या शेजारचं. तेवढी झाली की बघतो."

"मग काप्तानला तरी ठिव घरी. का रेडा पण विधुर झालाय तुझ्याबरोबर?"

सेतो रेडा घेऊन गेला. म्हातारीनं आणि बारा वर्षांच्या देल्फिनानं कुदळी उचलल्या. संध्याकाळी तो परत आला तेव्हा खाचराचा एक कोपरा, घराच्या ओसरीएवढा, खणून ठेवलेला होता. देल्फिना शिडीच्या तळाशी बसून हाताचे फोड सुईनं फोडत होती. तिनं बापाकडे पाहिलं नाही. बाप तिच्याशेजारी बसला, तिचा हात त्यानं हातात घ्यायला बघितला. तिनं तो हळूच काढून घेतला.

"ताताय, आमी पण तुमचेच हाय ना?" ती म्हणाली.

 त्या रात्री तिबांगनं छताच्या वाशाला टांगलेली टोपली दाखवून एवढंच सांगितलं, "त्यात दोन पायल्या भाताचं बी हाय. तरवा हातचा गेला, तर मी ते पेरणार. उशिराचं पीक, अर्धं उंदीर खातील, पण अर्धं तरी घरात येईल. ह्या टोपलीला हात लावशील तर याद राख."

"नाय लावत," सेतो म्हणाला.

---

दुलोकडे त्याचे बारा दिवस गेले, आणि त्यालाही कारण होतं. दुलो घोटा मोडून पडलेला, आणि त्याची बायको पोरोसा ही जिभेनं झाड तोडणारी बाई.

"आलास? कालच्या त्या कोपऱ्यातली ढेकळं तशीच हायत बरं का. मी काय बोलत नाय, आपलं दिसलं म्हणून सांगते."

सेतो ढेकळं फोडायचा.

"तुझ्या बायकोपायी माझा धनी लंगडा झाला. मी नाय म्हणत, लोक म्हणत्यात."

सेतो ऐकून घ्यायचा. दुपारी ती त्याला घरात न बोलावता ओसरीच्या कडेला पान द्यायची. भात थोडा आणि सुक्या माशाचं डोकं. शेतातून सुटला की म्हणायची, जाता जाता दोन मोळ्या सरपण टाक. छपराची झावळी उडाली, ती बांध. डुकराचं कुंपण बघ. सेतो सगळं करायचा, आणि खरं सांगायचं तर त्याला तिथे बरं वाटायचं. बाकीच्या घरी लोक त्याच्याशी हळू बोलत, ताटात आपल्या वाट्याचा मासा वाढत आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नसे. पोरोसा मात्र हक्कानं वसूल करत होती. तिच्या अंगणातून निघताना त्याला रोज वाटायचं, चला, आज थोडं तरी उतरलं.

दुलो खिडकीत बसून असायचा. पायाला तेल लावून पानं बांधलेली.  सेतोनं वर पाहिलं की खिडकीतून मागे सरायचा.

अकराव्या दिवशी तो काठी टेकत बांधावर आला. पाऊस भुरभुरत होता. सेतो शेवटच्या तुकड्यात फळीवर उभा राहून चिखल सपाट करत होता.

"थांबव तो रेडा," दुलो म्हणाला.

"एवढी फेरी होऊ दे."

"थांबव म्हणतो ना!"

काप्तान कधी नव्हे तो एका हाकेत थांबला. दुलोचे ओठ पांढरे पडले होते.

"पाचव्या उताराला तू पुढं गेला होतास. पलीकडं झाडाला दोर बांधत होतास. आठवतंय?"

"व्हय."

"तुझी पाठ होती आमच्याकडं. लोकांना वाटतं, झोळी पार नेल्यावर माझा पाय मोडला. तसं नाय. मधधारेला दगडावरनं घसरलो मी. बांबू सुटला खांद्यावरनं. ती पाण्यात गेली सेतो. डोक्यासकट गेली. मागच्यानं एकट्यानं धरून ठेवली, आन् मग आमी ओढून वर काढली. तवा..."

"तवा काय?"

"तवा ती ओरडत नव्हती."

सेतोला तो उतार आठवला. दोर बांधून तो वळला तेव्हा झोळी खांद्यांवर होती, पाणी निथळत होतं आणि झोळीतून आवाज येत नव्हता. तासन् तास ओरडणारी लुमिन गप्प झाली होती. कळा थांबल्या, तिला झोप लागली, असं त्याला वाटलं होतं, आणि चालता चालता त्यानं मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते.

"शिवी दे," दुलो म्हणाला. "काठी घे ही, हाण मला. पण माझ्या शेतात राबू नगंस. रोज खिडकीतनं बघतो मी तुला. पोरोसा माझ्या नावानं तुला वाट्टेल ते बोलते, आन् तू माझं सरपण फोडतोस. किती दिवस बघू मी?"

सेतो फळीवरून उतरला. त्याला दुलोचा राग आला. असा राग त्याला जन्मात कुणाचा आला नव्हता.  चार पावलं टाकून तो बांधापाशी आलाही. पण समोर त्याला तो घोटा दिसला, सुजून काळानिळा झालेला, वाकडाच जुळलेला.

"मग परत उचललीस तू तिला?"

"व्हय."

"ह्याच पायानं?"

"जोडी मोडली असती माझी. दुसरं कोण होतं?"

"वर गावापर्यंत?"

दुलोनं मान हलवली. तो रडत होता.

"मग झालं तर," सेतो म्हणाला, आणि परत फळीवर जाऊन उभा राहिला. राग गेला नव्हता. उपकारही गेले नव्हते.  अंधार पडेपर्यंत त्यानं तोच तुकडा चार वेळा सपाट केला.

---

दुलोला खिडकीत बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो काठी टेकत घराघरांतून हिंडला. प्रत्येक दारात एकच सांगितलं: सेतोनं बोलावलं नाय, बोलावणार पण नाय, पण परवा त्याच्या शेतात इर्जिक. हे त्यानं केलं याला नावं ठेवायला जागा नाही. आपल्यावर ओझं झालं की माणूस ते चार जणांत वाटतो, आणि चौघं ते आनंदानं घेतात.

ठरल्या दिवशी पहाटे दुलोच्या शेजाऱ्याकडे जायचं म्हणून सेतो काप्तानला सोडायला खाली उतरला, तो शेताच्या कडेला पाच रेडे उभे. नऊच्या नऊ जण होते. बायकाही होत्या, नेसूचं वर खोचून, डोक्यावर विणलेल्या टोप्या घालून. पोरोसा सगळ्यांत पुढे.

"काय बघतोस?" बेलो म्हणाला. "तू आमच्या शेतात न इचारता घुसतोस, तवा आमी बघत बसलो व्हतो काय?"

 सेतोनं नुसती वाट सोडली.

सहा नांगर एकदम जुंपले गेले. इर्जिकीला उत्साह असतो. शिट्ट्या, आरोळ्या, एकाच्या रेड्यानं दुसऱ्याच्या रेड्याला मारलेली धडक, त्यावरून चाललेल्या शिव्या. ऊन वर यायच्या आत शेताचा चिखल झाला. मग बायका आणि कार्प्यो तरवा उपटायला गेले.

कार्प्योनं पहिली मूठ उपटली, मुळं पाण्यात आपटून धुतली आणि सवयीनं अंगठ्यानं काडी खालून वर चाचपली. अंगठा मध्येच थांबला. काडीला पेर आलं होतं. त्यानं दुसरी काडी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांनाच पेर होतं; काहींच्या पोटाशी तर लोंबीची बारीक फुगोटी हाताला लागत होती. असा तरवा लावला तर जगतो. हिरवाही राहतो. पण त्याला फुटवे येत नाहीत, वाऱ्यावर चार पोचट दाणे हलतात आणि संपतं. हे लावणाऱ्या प्रत्येकाला पोटातून शिकून आल्यासारखं माहीत असतं.

कार्प्योनं मान वर केली. बायकांचेही हात थांबले होते. सेतो बांधावर उभा होता आणि त्यानं कार्प्योचा अंगठा पाहिला होता.  पोरोसानं तोंड उघडलं, सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं ते मिटलं.

"पेंढ्या बांधा," ती म्हणाली. "बघत काय बसलाय? ऊन चढतंय."

सेतो घरी आला. इर्जिकीच्या लोकांनी स्वतःचं खाणं बरोबर आणायचं नसतं. तो त्या घराचा अपमान. पंचवीस माणसं जेवणार होती आणि घरात रताळी होती, तीही संपत आलेली. तिबांगनं बियाण्याची टोपली खाली काढली होती. मोकळं उखळ तिच्यापुढे होतं. देल्फिना सूप घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

"पेर धरलंय," सेतो म्हणाला.

"मला कवापास्नं म्हाईत हाय."

"कार्प्यो नोंगला पण कळलं. समद्यांनाच कळलं."

"मग जा आन् सांग," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "एवढंच बोल, की हा तरवा गेला, हात आवरा. घरात बी हाय, नवा वाफा करून द्या. आज पेरलं तर अजून लागतं. त्यांना रताळी उकडून घालू, हसतील त्यांना हसू दे. एक वाक्य हाय सेतो. मी थांबते तवर."

सेतो गेला. वाटेवर त्यानं ते वाक्य दोन वेळा जुळवलं. तसं ते सोपं होतं. बांधाशी आला तेव्हा अर्धं शेत लावून झालं होतं. माणसं ओळीनं मागे सरकत होती, आणि त्या ओळीच्या टोकाला दुलो होता. त्याला मोडक्या पायावर वाकून उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो चिखलात गुडघ्यांवर बसला होता. गुडघ्यांनीच मागे सरकत होता आणि एकेक काडी मुलाला निजवावं तशी लावत होता. छातीपर्यंत चिखल. त्यानं वर पाहिलं. या वेळी तो सेतोला बघून खिडकीतल्यासारखा मागे सरला नाही.

"ओळ सरळ येतीय ना रं?" दुलोनं विचारलं.

सेतो बांधावर उभा राहिला. ते वाक्य त्याच्या तोंडात होतं. ते बोललं की पोरीच्या पोटाला अन्न मिळत होतं, आणि दुलोला तोंडावर सांगितल्यासारखं होत होतं, की तू चिखलात रांगून जे करतोयस त्याचा काही उपयोग नाही. झोळी वाहण्याचा झाला नाही तसाच.

"सरळ हाय," सेतो म्हणाला.

तो घरी परतला. म्हातारी तशीच बसली होती, हातात मुसळ धरून. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कांड, नानाय," तो म्हणाला.

तिबांगनं शिवी दिली नाही. एकदा डोळे मिटले. मग बी उखळात ओतलं आणि मुसळ उचललं. "माझी लेक वाहिली त्यांनी," ती घाव घालता घालता म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. "उपाशी कसं धाडू?" देल्फिनानं सूप भिंतीशी ठेवलं आणि बाहेर निघून गेली. पाखडायचं काम सेतोनं केलं.

दुपारी केळीच्या पानांवर भात वाढला. राखून ठेवलेल्या बियाण्याचा भात, त्याचा वास वेगळा. पहिल्या घासालाच पानांवरचे हात थबकले. बेलोनं सेतोकडे पाहिलं आणि त्याला त्या दिवशी काहीच चावट सुचलं नाही. कार्प्योनं संपूर्ण पान साफ केलं आणि आणखी भात मागितला. न मागणं म्हणजे कळलं म्हणून सांगणं झालं असतं. मग सगळ्यांनीच मागितला. पोरोसा खाली मान घालून खात होती आणि मध्येच तिला ठसका लागला.

"पाणी दे गं तिला," तिबांग म्हणाली. "भात जरा कोरडाच झालाय आज."

"झकास झालाय, नानाय," पोरोसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ठसक्यानं म्हणा हवं तर.

उन्हं कलती झाली तेव्हा आवणी पुरी झाली. शेत हिरवंगार दिसत होतं, कुणाही अडाण्याला हेवा वाटावा असं. पाटात हातपाय धुऊन माणसं निघाली. निघताना एकेक जण सेतोपाशी थांबत होता.

"कापणीला बोलव हं नोनोय," कार्प्यो म्हणाला.

"बोलवतो नोंग."

"पारे, कापणीला इसरू नगंस. नाय तर इळा घेऊन न बोलावताच येईन."

"बोलवतो."

एकामागून एक आठ जणांनी हेच म्हटलं, आणि सेतोनं आठही जणांना तोंड वर करून हेच उत्तर दिलं. खोटं बोलताना त्याला लाज वाटली नाही. उलट त्या सगळ्यांवर त्याचा इतका जीव जडला, की कुणाच्या तरी गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण तसं इथं कुणी करत नाही.

शेवटी दुलो. पोरोसाच्या खांद्यावर हात टाकून तो उभा होता. गुडघ्यांचा चिखल वाळून पांढरा पडला होता. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पोरोसानं त्याला कोपरानं ढोसलं, तरी फुटेना. लोक वाटेवर थांबून वाट बघत होते.

तेव्हा सेतोच पुढे झाला.

"दुलो," तो म्हणाला, "कापणीला यायचं हं. तुझ्याबिगर इळा लावणार नाय मी."

दुलोनं मागे वळून त्या हिरव्या शेताकडे पाहिलं, मग सेतोकडे.

"येईन," तो म्हणाला.